गड्ड्याच्या सुट्टीत सर्व्हरचं पीएचपी बदललं आणि टॉवेलच्या ऑर्डरी दोन-दोनदा पडल्या

आधी थोडं सांगतो म्हणजे पुढचं कळेल. मी जुळे सोलापुरात राहतो, घरूनच काम करतो, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-नॅपकिनच्या कारखान्याची ऑर्डर घेणारी वेबसाईट गेली पाच वर्षं मीच सांभाळतो. कारखान्याच्या मालकांना सगळे अण्णाच म्हणतात, मीपण. साईट काही ग्रेट नाही, साधी पीएचपीत (वेबसाईट लिहायची एक भाषा) लिहिलेली, मागे मायएसक्यूएल हा डेटाबेस, व्यापारी लॉगिन करतो, एक लांबलचक फॉर्म उघडतो ज्यात २६ ओळी आहेत (साईज आणि रंगाप्रमाणे), त्यातल्या ज्या पाहिजेत तिथं डझन टाकायचे, बाकीच्या मोकळ्या सोडायच्या आणि खाली बटण दाबायचं. बस. व्यापाऱ्याला मेल जातो, ऑफिसातल्या मॅडम स्लिप प्रिंट करतात, पॅकिंगवाले माल काढतात. ह्यातला बराचसा कोड माझ्या आधीच्या माणसाचा आहे, काही माझा आहे, आणि खरं सांगायचं तर कुठला कुणाचा हे आता मलापण सांगता येत नाही.

सर्व्हर म्हणजे भाड्याचा एक छोटा व्हीपीएस. त्यावर उबुंटू २२.०४ ही ऑपरेटिंग सिस्टीम, पुढे ब्राउझरची मागणी घेणारं एनजिनएक्स, मागे पीएचपीचा कोड चालवणारं पीएचपी एफपीएम. २२.०४ सोबत पीएचपी ८.१ येतं, पण आपला कोड जुना म्हणून मी पीपीएतून (उबुंटूच्या बाहेरचा पॅकेजचा साठा) ७.४ बसवून ठेवलेलं. आता ७.४ चा सपोर्ट २८ नोव्हेंबर २०२२ लाच संपला, म्हणजे त्यानंतर पीएचपीवाल्यांकडून सिक्युरिटीचे पॅचसुद्धा बंद. हे मला माहीत होतं, दर दोन महिन्यांनी आठवायचं आणि दर दोन महिन्यांनी मी ते पुढं ढकलायचो, कारण चालणाऱ्या साईटला हात लावायला कुणाला आवडतं. शेवटी ठरवलं की थेट ८.३ वर जायचं, आणि कधी जायचं तर गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्टीत.

इथंच पहिली चूक झाली आणि ती कोडमधली नव्हती. माझा हिशोब असा की सिद्धेश्वरांची यात्रा म्हणजे अख्खं सोलापूर तिकडं, पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, संक्रांतीला होम, किंक्रांतीला होम मैदानावर शोभेचं दारूकाम, कारखाना बंद, ऑफिस बंद, मॅडम सुट्टीवर, म्हणजे साईटवर कोण येणार. कुणीच नाही! पण व्यापारी सोलापुरात आहेत का? नाहीत. ते कलबुर्गीत, विजयपुरात, हैदराबादेत, पुण्यात आहेत, त्यांना गड्ड्याची सुट्टी नाही. ॲक्सेस लॉग उघडून मागच्या वर्षीच्या त्याच तारखा पाहिल्या असत्या तर दोन मिनिटांत कळलं असतं. नाही पाहिल्या. उलट सुट्टीच्या भरवशावर मी असा दिवस निवडला ज्या दिवशी ऑर्डरी नेहमीसारख्या येणार होत्या पण त्या बघायला ऑफिसात एकही माणूस नसणार होता. ह्याच्यापेक्षा वाईट दिवस शोधूनही सापडला नसता.

तर तैलाभिषेकाच्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास बसलो. जेवण झालेलं, पोरगी झोपलेली. घरूनच एसएसएचनं (लांबून सर्व्हरवर कमांड द्यायची सोय) सर्व्हरवर गेलो, आत गेल्यागेल्या टीमक्स चालू केलं. हे मी न चुकता करतो, कारण आमच्या भागात लाईट जाऊन राऊटर बंद पडणं नवीन नाही, आणि पॅकेज बसत असताना मधेच कनेक्शन तुटलं की अर्धवट इन्स्टॉल झालेलं निस्तरत बसावं लागतं. टीमक्समध्ये असलं की तुमच्याकडचं नेट गेलं तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं, परत येऊन तिथंच बसायचं.

८.३ बसवलं, लागणारी एक्स्टेंशन्स बसवली, एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये एफपीएमच्या सॉकेटचा (एनजिनएक्स जिथून एफपीएमशी बोलतं तो) पत्ता ७.४ चा काढून ८.३ चा टाकला, कॉन्फिग टेस्ट केली, ओके आली, रीलोड मारला. ७.४ ची सर्व्हिस बंद केली पण पॅकेज काढून टाकलं नाही. काढत होतो खरं, हात एंटरवर गेलेला, मग म्हटलं राहू दे, उद्या काढू. दुसऱ्या दिवशी त्याच आळसानं वाचवलं.

मग टेस्टिंग. लोक म्हणतील ह्यानं टेस्टच केलं नसणार. केलं होतं! माझ्याकडे एक छोटी टेस्ट स्क्रिप्ट आहे, ती ऑर्डर सेव्ह करणाऱ्या फाइलला खोट्या ऑर्डरी देते, टेस्टच्या डेटाबेसमध्ये टाकते आणि हिशोब जुळतो का बघते. त्यात भरलेल्या ओळी, मोकळ्या ओळी, अर्धवट भरलेला फॉर्म, सगळे प्रकार आहेत. ती सर्व्हरवर कमांड लाइनवरून चालवली, सगळं पास. सगळ्या फाइलींवर सिंटॅक्स चेक (कोडचं व्याकरण तपासणं) चालवला, एकही एरर नाही. मग ब्राउझरमध्ये साईट उघडली, लॉगिन केलं, नॅपकिनचं जे वेगळं छोटं एका ओळीचं पान आहे तिथून एक ऑर्डर टाकली, मेल आला, ऑर्डर कॅन्सल केली. साडेबाराला लॅपटॉप बंद. खूश होऊन झोपलो.

नॅपकिनच्या पानावरूनच का टाकली ते पण सांगतो, कारण त्याला इतिहास आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी मी मोठ्या फॉर्मवरून टेस्ट म्हणून ५०० डझनची ऑर्डर टाकली होती, पार्टीचं नाव 'टेस्ट', आणि कॅन्सल करायला विसरलो. पॅकिंगमधल्या मामांनी टेस्ट नावाच्या पार्टीचा माल अर्धा काढून ठेवला होता, वर विचारत होते की ह्यांचा ट्रान्सपोर्ट कुठला. तेव्हापासून लाईव्हवर मोठा फॉर्म वापरायला माझा हात धजत नाही. म्हणजे जो फॉर्म रोज व्यापारी वापरतात तो सोडून मी बाकी सगळं तपासलं.

दुसऱ्या दिवशी भोगी. पावणेबाराला अण्णांचा फोन. ते संमती कट्ट्याजवळ गर्दीत, मागून 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' चा गजर, त्यात त्यांचा आवाज: "अरे कलबुर्गीवाल्याचा फोन येऊलालाय सकाळपासनं, ऑर्डर टाकली की साईट पांढरी फक होऊलालीय म्हणतोय, काय केलास बे?" मी म्हटलं अण्णा बघतो लगेच. ते म्हणाले, "बघ बघ, मला इथनं काय दिसंना, अक्षता पडल्या की फोन करतो."

घरात सगळे तयार होऊन बसलेले, आम्हालापण निघायचं होतं. मी चप्पल काढली आणि परत लॅपटॉपसमोर.

आता गडबडीत माणूस काय करतो बघा. आदल्याच आठवड्यात मी टर्मिनलचं सॉफ्टवेअर नवीन टाकलेलं, त्यात ह्या सर्व्हरचं युजरनेम दुसऱ्याच क्लायंटचं सेव्ह झालेलं, आणि काल रात्री मी हातानं कमांड टाइप करून गेलो होतो म्हणून ते लक्षात आलं नव्हतं. आज सेव्ह केलेल्यावर क्लिक, नाही झालं, परत क्लिक, परत, परत, आणि मग कनेक्शनच घेईना. फेल टू बॅननं मला बाहेर काढलं होतं. त्याचं साधं गणित असतं, डिफॉल्टला दहा मिनिटांत पाच वेळा चुकलात की दहा मिनिटं तुमचा आयपी बंद. मीच बसवलेलं, माझ्याच सर्व्हरवर, मलाच. दहा मिनिटं थांबायला वेळ नव्हता, म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केला, आयपी बदलला, आत गेलो. (घरच्या ब्रॉडबँडचा आयपी आधीच व्हाइटलिस्ट करून ठेवायचा ना असं कुणीतरी म्हणेलच. आमच्याकडे नेटवाला एका आयपीमागे कितीतरी घरं ठेवतो आणि तो आयपीपण बदलत राहतो, त्यामुळे व्हाइटलिस्टचा काही उपयोग नाही. हॉटस्पॉट हाच मागचा दरवाजा.)

आत गेल्यावर पहिलं काम लॉग बघणं. मी पावणेबाराच्या आसपासचे एरर शोधतोय तर लॉगमध्ये ती वेळच नाही, शेवटची नोंद सव्वासहाची. मला वाटलं लॉग लिहिणंच बंद पडलंय, डिस्क भरली की काय, डिस्क बघितली तर निम्मी मोकळी. मग डोक्यात प्रकाश पडला, सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे, आपण साडेपाच तास पुढं. सव्वासहा म्हणजेच पावणेबारा. हे मला माहीत नाही असं नाही, पण फोनवर ओरडा बसल्यावर माणसाला पाढेपण आठवत नाहीत.

लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा होती, डिव्हिजन बाय झिरो, ऑर्डर सेव्हच्या फाइलमध्ये, अमुक लाइन. ती लाइन उघडून बघितली. व्यापाऱ्याला जो मेल जातो त्यात प्रत्येक मालाचा डझनामागे पडलेला सरासरी दर दाखवतो, स्लॅबप्रमाणे सूट जाऊन, म्हणून तिथं ओळीची रक्कम भागिले डझन केलेलं. डझन शून्य असेल तर भागाकार बोंबलणार हे बरोबर, पण शून्य डझनाची ओळ तिथपर्यंत पोचतेच कशी? मोकळ्या ओळी वरच गाळल्या जातात, तो कोड समोर दिसत होता. आणि तोच कोड काल रात्री टेस्टमध्ये पास झालेला!

मग मी जे केलं त्यात वीस मिनिटं गेली. तीच टेस्ट स्क्रिप्ट परत कमांड लाइनवर चालवली. पास. परत चालवली, पास. त्या कलबुर्गीवाल्याच्या ऑर्डरीसारखीच ऑर्डर बनवून दिली, तीन ओळी भरलेल्या, तेवीस मोकळ्या. पास. म्हणजे तीच फाइल, तोच सर्व्हर, तोच डेटा, हातानं चालवली की चालते आणि वेबवरून आली की मरते. ऑपकॅशमध्ये (पीएचपी तयार कोड साठवून ठेवतं तिथं) जुना कोड अडकला असेल म्हणून एफपीएम रीस्टार्ट केलं, फरक नाही. डेटाबेसचा काही घोळ असेल म्हणून तिकडं बघितलं, नाही. बायको दारातून विचारतेय किती वेळ, मी म्हणतोय पाच मिनिटं, तिनं सँडल काढून ठेवली.

शेवटी सहज, काहीच सुचेना म्हणून, कमांड लाइनवर पीएचपीचं व्हर्जन विचारलं.

७.४.

एका सर्व्हरवर पीएचपी एक नसतं. वेबसाईट जे पीएचपी वापरते ते एफपीएमचं, आणि तुम्ही एसएसएचनं आत जाऊन पीएचपी म्हणून जे टाइप करता ते कमांड लाइनचं, दोन्ही वेगळ्या पॅकेजमध्ये येतात, दोन्हीच्या सेटिंगच्या आयएनआय फाइली वेगळ्या फोल्डरात असतात. पूर्वी कधीतरी मीच कमांड लाइनचं पीएचपी हातानं ७.४ ला बांधून ठेवलं होतं, तेव्हा ८.१ मधे येऊ नये म्हणून. असं बांधलेलं असलं की नवीन व्हर्जन बसवल्यावर ते आपोआप बदलत नाही. म्हणजे काल रात्री वेबसाईट ८.३ वर गेली आणि माझी सगळी टेस्टिंग, सिंटॅक्स चेकसकट, ७.४ वर झाली. मी जुन्या पीएचपीवर जुना कोड तपासला आणि जुना कोड जुन्या पीएचपीवर चालतो असा निष्कर्ष काढून झोपलो.

हे कळल्यावर पुढचं एका मिनिटात उलगडलं. मोकळ्या ओळी गाळणारा कोड असा होता की फॉर्ममधून आलेली किंमत आधी पूर्णांकात बदलायची आणि मग ती रिकाम्या स्ट्रिंगच्या (स्ट्रिंग म्हणजे अक्षरांचा मजकूर) बरोबर आहे का असं डबल इक्वलनं (==, प्रकार वेगळे असले तरी जुळवून बघणारी तुलना) तपासायचं, बरोबर असेल तर ओळ सोडून द्यायची. मोकळी ओळ पूर्णांकात बदलली की शून्य होते. मग शून्य आणि रिकामी स्ट्रिंग बरोबर का? पीएचपी ७ मध्ये हो, कारण तिथं स्ट्रिंगचा आकडा करून तुलना व्हायची आणि रिकाम्या स्ट्रिंगचा आकडा शून्य. पीएचपी ८ मध्ये, म्हणजे २६ नोव्हेंबर २०२० ला ८.० आलं तेव्हापासून, हा नियम बदलला. समोरची स्ट्रिंग आकड्यासारखी दिसत नसेल तर आता उलट आकड्याचीच स्ट्रिंग करतात आणि दोन स्ट्रिंगा ताडून बघतात. '०' आणि काहीच नाही, ह्या दोन वेगळ्या स्ट्रिंगा. तुलना खोटी. ओळ गाळली जात नाही, शून्य डझन घेऊन आत जाते.

बदल चांगलाच आहे म्हणा, जुनाच नियम विचित्र होता. पण ह्यात एररही येत नाही आणि वॉर्निंगही नाही, म्हणून सिंटॅक्स चेक काय शंभर वेळा चालवला तरी तो काही बोलणार नाही. कोड व्याकरणाला बरोबर, फक्त अर्थ बदललेला. त्यावर कडी म्हणजे भागाकार. ७.४ मध्ये शून्यानं भागलं असतं तर नुसती वॉर्निंग येऊन गाडी पुढं गेली असती, ८ मध्ये थेट एक्सेप्शन फेकतं आणि स्क्रिप्ट जागेवर मरते. लाईव्हवर एरर दाखवणं बंद ठेवलेलं असतं (आणि ठेवावंच), म्हणून व्यापाऱ्याला पांढरं पान.

आणि ही स्क्रिप्ट नेमकी मरायची कुठं, तर ऑर्डर डेटाबेसमध्ये पडल्यानंतर आणि मेल जायच्या आधी. म्हणजे व्यापाऱ्याच्या बाजूनं बघा, बटण दाबलं, पांढरं पान, मेल नाही. त्याला काय वाटणार, ऑर्डर गेली नाही. परत बटण. परत पांढरं. परत. इकडं प्रत्येक बटणाला एक ऑर्डर पडतेय, प्रत्येकीत २६ ओळी, त्यातल्या बऱ्याच शून्य डझनाच्या. विजयपूरचा एक व्यापारी चिकाटीचा निघाला, त्यानं सहा वेळा टाकली.

मी आधी काय केलं तर दुरुस्ती नाही, माघार. कोड समोर दिसत होता, चूक समजली होती, एका ओळीचं काम, हात शिवशिवत होते. पण असाच अजून कुठं डबल इक्वल लपला असेल ते मला माहीत नव्हतं, आणि लाईव्ह फाइल घाईत बदलायची म्हणजे जखमेवर डोळे मिटून टाका घालायचा. म्हणून ७.४ ची सर्व्हिस चालू केली (काढली नव्हती ती!), एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये सॉकेट परत जुना, कॉन्फिग टेस्ट, रीलोड. चार मिनिटं. मग मोठा फॉर्म उघडून, टेस्ट नावाच्या भीतीला बाजूला ठेवून, दोन ओळींची ऑर्डर टाकली, मेल आला, ऑर्डर कॅन्सल केली, आणि कॅन्सल झालेली आहे हे डेटाबेसमध्ये जाऊन डोळ्यांनी बघितलं.

साडेबारा वाजून गेलेले. अण्णांना मेसेज टाकला की साईट चालू आहे, ऑर्डरी डबल पडल्यात, मी निस्तरतो. त्यांचा रिप्लाय दोन तासांनी आला, नुसता अंगठा. संमती कट्ट्यावर आम्ही पोचलो नाहीच, बायकोनं टीव्हीवर सोहळा बघितला आणि त्याबद्दल अजून अधूनमधून ऐकवते.

आता ऑर्डरींचा हिशोब. रात्रीपासून दुपारपर्यंत पडलेल्या ऑर्डरी १९, व्यापारी ७. सरळ वाटतं की एका व्यापाऱ्याची एकच ठेवायची, बाकी डिलीट. मी तशी क्वेरी लिहिलीपण होती. मग नशिबानं सुचलं की आधी फोन करू. सातही जणांना केले. सहा जणांना एकेकच पाहिजे होती, पण हैदराबादच्या एकाला खरंच दोन पाहिजे होत्या, अगदी सारख्या, एक दुकानाला आणि एक गोडाऊनला, तो दर महिन्याला असंच करतो म्हणे. पत्ते वेगळे होते पण मी मालाच्या ओळीच ताडत होतो. म्हणजे खऱ्या ऑर्डरी ८, फालतू ११. डिलीट एकही केली नाही, अकरांवर 'रद्द' चा शिक्का मारला आणि कारण लिहून ठेवलं, कारण उद्या कुणी विचारलं की माझी ऑर्डर गेली कुठं तर दाखवायला काहीतरी पाहिजे. राहिलेल्या आठांमधल्या शून्य डझनाच्या ओळी काढल्या, त्याआधी टेबलाचा बॅकअप घेतला. मेल गेले नव्हते ते हातानं पाठवले.

यात्रेनंतर दोन आठवडे मी ह्याला हात लावला नाही. मग नीट बसलो.

स्टेजिंगसाठी (लाईव्ह साईटची तालमीची कॉपी) एक वेगळं सबडोमेन केलं, पासवर्डच्या मागे, त्याच सर्व्हरवर. लाईव्ह साईट ७.४ च्या एफपीएमवर आणि स्टेजिंग ८.३ च्या, दोन्ही शेजारी शेजारी सुखानं चालतात, हे मला गड्ड्याच्या आधी सुचलं असतं तर हे लिहावंच लागलं नसतं. लाईव्ह डेटाबेसची कॉपी घेतली पण व्यापाऱ्यांचे फोन, मेल आणि जीएसटी नंबर त्यात खोटे करून टाकले, आणि स्टेजिंगवरून निघणारा प्रत्येक मेल एका खोट्या पेटीत जाऊन पडेल असं केलं, बाहेर एकही जाणार नाही. पॅकिंगच्या मामांना परत टेस्टचा माल काढायला लावायचा नव्हता.

टेस्ट स्क्रिप्टपण बदलली. आता ती फाइल थेट चालवत नाही, कर्लनं (कमांडवरून वेबपानाला मागणी पाठवणारं साधन) स्टेजिंगच्या पत्त्यावर फॉर्म पाठवते, जसा ब्राउझर पाठवतो तसा, म्हणजे वाटेतलं एनजिनएक्स, एफपीएम, सेटिंग सगळं तेच लागतं जे व्यापाऱ्याला लागतं. आणि सगळ्यात आधी एका बंद पानाला विचारते की तुझं व्हर्जन काय. उत्तर ८.३ नसेल तर तिथंच थांबते. ते पान पीएचपीची सगळी माहिती उघड करणारं इन्फोचं अख्खं पान नाही हां, नुसता व्हर्जनचा आकडा छापतं तेवढंच, कारण अख्खं इन्फो पान लाईव्हवर उघडं ठेवणं म्हणजे घराची चावी पायपुसण्याखाली.

मग जुन्या ऑर्डरी परत टाकून बघायच्या ठरवल्या. ॲक्सेस लॉगमधून त्या मिळत नाहीत, कारण पोस्टनं पाठवलेला फॉर्म लॉगमध्ये नसतो, नुसता पत्ता असतो. म्हणून डेटाबेसमधून उलटं गेलो, मागच्या तीन महिन्यांच्या प्रत्येक ऑर्डरीवरून २६ ओळींचा फॉर्म परत तयार केला, ज्या ओळी ऑर्डरीत नाहीत त्या मोकळ्या, आणि ४१२ च्या ४१२ ऑर्डरी कर्लनं स्टेजिंगवर मारल्या. पहिल्या खेपेला अर्थातच सगळ्या मेल्या, कारण दुरुस्ती अजून केली नव्हती. मुद्दामच केली नव्हती, टेस्टला तो जुना रोग सापडतो का ते बघायचं होतं.

मग दुरुस्ती. पूर्णांकात बदलायच्या आधीच मोकळी आहे का ते ट्रिपल इक्वलनं (===, ह्यात प्रकारपण तोच लागतो) तपासायचं, आणि बदलल्यानंतर एकापेक्षा कमी असेल तरी गाळायची. सगळ्या फाइलींमध्ये ग्रेप मारून डबल इक्वल शोधले, ढिगानं निघाले, बरेचसे निरुपद्रवी, पण दोन ठिकाणी असाच घोळ होता, त्यातला एक क्रेडिट लिमिटच्या हिशोबात. तो लाईव्हवर सापडला असता तर अण्णांनी नुसता अंगठा नसता पाठवला. ऑर्डर सेव्ह होणं आता एका ट्रँझॅक्शनमध्ये आहे, मधे काही मेलं तर ऑर्डर पडतच नाही. आणि फॉर्म उघडताना एक टोकन देतो, तेच टोकन दुसऱ्यांदा आलं की नवीन ऑर्डर न पाडता पहिलीच दाखवतो, म्हणजे विजयपूरवाल्यानं साठ वेळा बटण दाबलं तरी ऑर्डर एकच. हैदराबादवाल्याला दोन पाहिजे असल्या तर त्यानं फॉर्म दोनदा उघडायचा, तो तसाच करतो.

परत ४१२ मारल्या. रकमा सगळ्या जुळल्या, पण नऊ ऑर्डरींच्या स्लिपवर ओळींचा क्रम वेगळा. हे मात्र मला आवडलं शोधायला. स्लिपवर माल दराप्रमाणे लावतो, आणि सारख्या दराचे दोन माल असले तर त्यांच्यात कोण आधी हे ७.४ मध्ये पक्कं नव्हतं. ८.० पासून सॉर्टिंग स्टेबल झालं, सारखे असले की मूळचा क्रम तसाच राहतो. मग चारशेतल्या नऊच का? कारण जुन्या पीएचपीत १६ पर्यंतच्या छोट्या यादीला वेगळी साधी पद्धत वापरायचे जिच्यात क्रम आपोआप टिकायचा, त्याच्या वर गेलं की हलायचा. आणि १६ च्या वर ओळी असलेल्या, शिवाय सारख्या दराचा माल असलेल्या ऑर्डरी तेवढ्याच होत्या. मॅडमना दोन्ही स्लिपा दाखवल्या, त्या म्हणाल्या, "ही नवी बरी आहे की, रॅकच्या क्रमानं येतंय सगळं, मोठ्या स्लिपांना आम्ही पेननं नंबर घालत होतो." पाच वर्षं त्या पेननं नंबर घालत होत्या आणि मला कधी बोलल्या नाहीत, मी कधी विचारलं नाही.

बदलायचा दिवस ह्या वेळी मॅडमना विचारून ठरवला. त्यांनी मंगळवार सकाळी दहा सांगितलं, म्हणजे त्या स्क्रीनसमोर असतील, पॅकिंग चालू असेल, अण्णा केबिनमध्ये असतील. भर कामाच्या वेळी? म्हटलं हो, तेव्हाच. रात्री अकराला मी एकटा जागा असतो आणि मला शून्य डझनाची स्लिप बघून काही कळत नाही, त्यांना एका नजरेत कळतं. कमांड लाइनचं पीएचपी आधी ८.३ ला नेलं, कारण रोजचा स्टॉकचा क्रॉनपण (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) त्यावरच चालतो. मग सॉकेट बदलला, टेस्ट, रीलोड, आणि दुसऱ्या टॅबमध्ये परत जायची कमांड टाइप करून तयार, फक्त एंटर बाकी.

दहा वाजून बारा मिनिटांनी पहिली ऑर्डर आली, कलबुर्गीचीच. मी फोनवर मॅडमच्या प्रिंटरचा आवाज ऐकत बसलेलो.

"आली का?"

"आली."

"ओळी किती आहेत?"

"चार. त्यानं चारच टाकल्यात की. का, किती पाहिजे होत्या?"